हातचा एक

पोर्थकॉलला जानेवारीत कुणी येत नाही.
समुद्र येतो तेवढा, रस्ता ओलांडून
आमच्या आर्केडच्या शटरपर्यंत,
आणि कुलपात मीठ ठेवून जातो.

आत सतरा मशीन चादरीखाली.
अठरावं मी उघडलंय.
त्याचं चित्र ऑक्टोबरपासून आक्रसत चाललेलं,
दोन्ही कडा काळ्या,
आणि मधलं यान वर चढताना
कंबरेत लचकायचं.
गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारं झालं मशीन.
मशीन नाही हो. कपॅसिटर.
करंगळीच्या पेराएवढे डबे,
चाळीस वर्षं तापून आतून सुकलेले.

मागची फळी काढली.
वीज तोडली म्हणून ट्यूब विसरत नाही,
दिवसदिवस धरून बसते पोटात.
लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा,
त्याच्या दांड्याची तार चौकटीला अडकवायची,
पातं रबरी टोपीखाली सरकवायचं
आणि दुसरा हात खिशात.
बापाचा नियम.
दोन्ही हातांनी धरलंस
तर ती वाट छातीतून काढते.

चट्.

मग जुने उतरवले, एकेक.
कथील वितळलं तसा
बोर्डातून शिळ्या माशाचा वास आला.
जो पाझरतो तो असाच वास मारतो,
समुद्राचा त्यात काही दोष नाही.
यादी बापाचीच, सिगारेटच्या पाकिटावर:
किती मायक्रोफॅरड, किती व्होल्ट,
उणेची पट्टी कुठल्या अंगाला.
चौदाव्या ओळीला गोल करून लिहिलंय:
‘इथे खूण उलटी छापली आहे.
बोर्डावर विश्वास ठेवू नकोस.’

माणसांबद्दल त्याने कधी
एवढं स्पष्ट सांगितलं नाही.

एमलिन प्रॉसर हातचं राखून वागतो,
असं गावात म्हणायचे.
खरंच होतं ते.
माझ्या लग्नातल्या फोटोत
एक हात माझ्या खांद्यावर, एक खिशात.
आई गेली त्या रात्री
हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, तसाच.
मी लहान असताना
सुट्ट्या नाण्यांचे ढीग मोजायला बसवायचा मला,
‘हातचा एक विसरलीस’ म्हणायचा,
आणि मी दरवेळी विसरायची.

तो गेला तेव्हा
त्यांनी त्याचे दोन्ही हात
छातीवर ठेवले होते, एकावर एक.
मला ते धोक्याचं वाटलं.
कुणी बघत नाही असं पाहून
मी डावा उचलला, खिशाकडे नेला.
कोट नवा होता.
खिसे अजून शिवलेलेच होते.

संध्याकाळी चालू केलं.
आधी गुणगुण, मग ट्यूबच्या मानेत नारिंगी ठिपका,
मग काळोख उगाच लांबला.
आणि यान आलं. सरळ. काठापासून काठापर्यंत.
रुंदी थोडी जास्त झाली होती,
प्लॅस्टिकच्या काडीने अर्धा फेरा कमी केली.
‘नाणे टाका’ ही अक्षरं मात्र
काचेमागे जळून बसलीत कायमची.
त्यावर माझ्याकडे औषध नाही.

झाडणाऱ्या रिअननचा गेथिन
केव्हाचा मागे उभा होता.
त्याला स्टुलावर चढवलं.
एक हात दांड्यावर, एक बटणावर,
जीव खाऊन दाबत होता.
मी ‘अरे’ म्हणणार होते.
चाळीस सेकंदांत तिन्ही यानं फुटली.
‘अजून एक?’

खिशात हात घातला.
नाणं लागलं, आणि त्याच्यासोबत
एक नवाकोरा कपॅसिटर.
यादीत एकवीस. मी बसवलेले एकवीस.
पाकिटावर छापलेलं, एकवीस नग.
दोनदा मोजले, बोटांवर,
मग भिंतीवर पेन्सिलने.
चित्र तर लख्ख होतं, हलतसुद्धा नव्हतं.

नाणं गेथिनला दिलं.